समाधान आणि उपकारस्तुती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी बारा वर्षं भगिनींचा बायबल अभ्यास घेते. बुधवारी दुपारी शेवटचं आमेन झालं की दारात चपला घालता घालता बायका खरे प्रश्न विचारतात. उरलेले रात्री व्हॉट्सॲपवर येतात. अलीकडे पुरुषांचेही येऊ लागलेत, बहुतेक बायकोच्या फोनवरून. समाधान आणि उपकारस्तुती, म्हणजे देवाचे उपकार मानणं, याबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. मी पाळक (पास्टर) नाही आणि धर्मविद्यालयातही शिकलेले नाही. वचनांचे संदर्भ दिले आहेत ते पवित्र शास्त्र उघडून वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

१. समाधान म्हणजे नेमकं काय? सुख, आनंद आणि समाधान एकच का?

सुख परिस्थितीला बांधलेलं असतं. उन्हाळ्यात पंखा फिरतोय तोवर सुख, लाइट गेली की संपलं. आनंद पाहुण्यासारखा येतो आणि जातो. समाधान घरात राहणारं असतं.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (४:११) येशूचा प्रेषित पौल याने त्यासाठी 'ऑतार्केस' हा ग्रीक शब्द वापरला आहे. अर्थ असा की ज्याचं स्वतःचं स्वतःला पुरतं तो. त्या काळच्या स्टोइक तत्त्ववेत्त्यांचा हा लाडका शब्द. त्यांच्या लेखी समाधानी माणूस म्हणजे ज्याला कुणाचं काही लागत नाही. पौल शब्द तोच घेतो, पण दोनच ओळींनंतर सांगतो की हे बळ माझं नाही, मला ते दुसरा कुणी देतो. लगेच पुढे फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीची पोच देतो. हा माणूस तेव्हा कैदेत होता. त्याला लागत होतं, आणि लागत होतं हे त्याने लपवलं नाही.

म्हणून मी अभ्यासात असं सांगते: समाधानी ख्रिस्ती माणसाला लागतं, तो मागतो, मिळालं नाही तर रडतो, मिळालं तर परत येऊन सांगतो. हे सगळं कुणापाशी करायचं ते त्याला ठाऊक असतं. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. आयुष्यभराचं कोठार मागत नाही, पण भाकर मागायची थांबवतही नाही. पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

२. मग 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' आणि बायबलमधलं समाधान यांत फरक काय?

लोक समजतात तेवढा नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बरेचदा असं असतं की वारकऱ्यांचं समाधान म्हणजे हात जोडून बसणं आणि आपलं काहीतरी वरच्या पायरीवरचं. मला ते पटत नाही. दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली हे तुकोबांनी स्वतः अभंगात सांगून ठेवलं आहे, आणि विठ्ठलाशी त्यांच्याइतकं भांडलेलं कुणी नसेल. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो. पुलावरून आलेल्याने पुलाला नावं ठेवू नयेत.

फरक मला दिसतो तो असा. ज्याने आपल्याला या स्थितीत ठेवलं, तो स्वतः याच स्थितीत येऊन राहून गेला असं ख्रिस्ती माणूस मानतो. गव्हाणीत निजला, सुतारकाम केलं, आणि वधस्तंभावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' म्हणून ओरडला (मत्तय २७:४६). तक्रारीची भाषा त्यालाही माहीत आहे.

३. 'समाधानी राहायला मी शिकलो आहे' असं पौल म्हणतो. शिकायला किती दिवस लागतात?

पौलाला किती लागले ते त्याने सांगितलेलं नाही. पण 'शिकलो' म्हटलं यातच दिलासा आहे, कारण त्यालाही ते जन्मतः येत नव्हतं.

भाकरी थापायला शिकताना पहिल्या पंधरा-वीस भाकऱ्यांना कडेला चिरा पडतात. पीठ तेच, पाणी तेच, तवाही तोच. मग एक दिवस हाताला कळतं की पाणी किती कोमट हवं आणि कुठे दाब कमी करायचा, आणि तव्यावर पापुद्रा सुटतो. कसं जमलं ते सासूबाईंना शब्दांत सांगता येत नसे. त्या नुसतं 'करत राहा' म्हणायच्या. समाधानाचं मला तसंच वाटतं. रोज थोडं, आणि चिरलेलीही खायची. रोज करायचं काय, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

जाता जाता: त्याच पत्रातलं ४:१३ हे वचन, मला जो सामर्थ्य देतो त्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो, हल्ली परीक्षेच्या पॅडवर आणि गाड्यांच्या मागच्या काचेवर असतं. असू दे. पण आधीची ओळ भुकेबद्दल आहे. पौलाला इथे पहिला नंबर नको होता, उपाशीपोटी आणि भरल्यापोटी दोन्ही वेळा माणूस राहता यावं एवढंच हवं होतं.

४. उपकारस्तुती आणि आभार यांत काय फरक? देवाला 'थँक्यू' म्हणणं मला कृत्रिम वाटतं.

तुम्हाला कृत्रिम वाटतं याचं कारण आपल्या घरांत आहे. मराठी घरात आई ताट वाढते तेव्हा कुणी 'मी तुझा आभारी आहे' म्हणत नाही. म्हटलं तर आईच विचारील, बरं वाटत नाहीये का? आपल्या माणसाचे आभार मानले की ते परकं होतं, अशी आपली समजूत. म्हणून प्रार्थनेत 'हे प्रभू, मी तुझे अनंत आभार मानतो' म्हणताना जीभ जड होते.

पण आपण घरच्यांचे उपकार मानतच नाही असं कुठे आहे? 'आज आमटी काय झाली होती!' ही उपकारस्तुतीच आहे. वस्तूचं नाव घ्यायचं आणि ज्याने दिली त्याच्यासमोर घ्यायचं. देवाशीही असंच बोला. 'आज चार दिवसांनी नळाला पाणी आलं, बापा' एवढं पुरे.

शब्दाबद्दल थोडं. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपकारस्तुती म्हणतात. कॅथलिक बंधुभगिनी ज्याला मिस्सा म्हणतात त्याचं जुनं नाव युखारिस्त, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. पकडून नेण्याच्या रात्री येशूने भाकर हातात घेतली आणि आधी उपकार मानले, मग मोडली. क्रम लक्षात घ्या.

५. रोज नेमकं काय करायचं? वही लिहायची म्हणतात, ती कशी?

शंभर पानी साधी वही घ्या. झोपण्यापूर्वी तीन ओळी. पहिली, आज मिळालेलं काही. दुसरी, आज मागायचं काही. तिसरी, आज खटकलेलं काही, देवाला उद्देशून. तीनच. नुसत्या आभारांची वही बायका आठ दिवसांत सोडून देतात असा माझा अनुभव आहे, कारण तिच्यात खरं बोलायला जागाच नसते.

एक अट: कालचं आज लिहायचं नाही आणि 'आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल धन्यवाद' असं ठोक लिहायचं नाही. माझ्या वहीतलं एक पान देते: 'पोस्टातल्या बाईंनी फॉर्म स्वतः भरून दिला. धाकट्याचा खोकला जाऊ दे. नणंदेने सगळ्यांसमोर पगार विचारला, मला फार लागलं.' तेवढंच.

लिहिता येत नसेल तर बोटांवर मोजा. वाळवंटात इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, रोजच्या रोज गोळा करायचा होता, आणि ज्यांनी उद्यासाठी साठवला त्यांच्या भांड्यात किडे पडले (निर्गम १६). वहीचंही असंच आहे. रविवारी बसून आठवड्याचं एकदम लिहिलं तर चव राहत नाही.

६. मुलांना हे कसं शिकवायचं?

भाषण न देता. जेवणाआधीची प्रार्थना मुलाला करू द्या आणि त्याने भेंडीबद्दल आभार मानायला नकार दिला तर हसा. आमच्या धाकट्याने एकदा 'भात दिल्याबद्दल धन्यवाद, भाजीबद्दल आई सांगेल' अशी प्रार्थना केली होती. त्याहून प्रामाणिक प्रार्थना मी त्या महिन्यात ऐकली नव्हती.

७. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं लिहिलंय. म्हणजे आईच्या कॅन्सरबद्दलही आभार मानायचे?

नाही. १ थेस्सलनी ५:१८ मध्ये 'सर्व स्थितीत' आहे, सर्व स्थितीबद्दल नाही. आजारात राहून उपकार मानता येतात. त्यासाठी आजाराचे उपकार मानायला नकोत. आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या थडग्यापाशी येशू रडला, 'छान झालं' म्हणाला नाही.

अडचण अशी की इफिसकरांस ५:२० मध्ये 'सर्व गोष्टींबद्दल' असंच आहे, आणि काही मंडळ्यांत ते अगदी अक्षरशः घेतात. मी त्या वचनाकडे स्तोत्रांच्या सोबतीने बघते. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत रडगाणी भरपूर आहेत. १३ वे 'कुठवर?' असं विचारत सुरू होतं. ८८ वे तर अंधारातच संपतं, शेवटी एक ओळदेखील उजेड नाही. ज्या पुस्तकात उपकारस्तुती शिकवली, त्याच पुस्तकाने ही गीतं मंडळीला म्हणायला दिली. कॅन्सर वॉर्डातल्या बाकावर बसून तुम्हाला ८८ वंच म्हणावंसं वाटलं तर म्हणा. त्या दिवशी नर्सने सुई पहिल्या झटक्यात लावली असेल तर तेही सांगा. दोन्ही एका प्रार्थनेत बसतं.

आजारी माणसाच्या उशाशी बसून 'देवाची योजना असेल' म्हणणाऱ्यांना माझी विनंती: डबा आणा, आणि योजना त्याची त्याला सांगू द्या.

८. महिनोन्‌महिने काहीच वाटत नाही. प्रार्थनाही होत नाही. विश्वास कमी पडतोय का? गोळ्या घेतल्या तर चुकेल का?

चुकणार नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून 'आता मला मरू दे' म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूत पाठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं (१ राजे १९). बोलणं फार नंतर झालं.

झोप उडणं, भूक जाणं, कशातच मन न लागणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. 'टेलि-मानस' ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा आणि घरात एकाला तरी सांगा. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वास मोजत नाही. वही (प्रश्न ५) हा यावरचा इलाज नाही. बरं वाटेपर्यंत ती बाजूला ठेवली तरी चालेल.

९. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. सगळे म्हणतात, 'आहे त्यात समाधान मान, नवरा किती चांगला आहे!'

हेच वाक्य शास्त्रात आहे, नवऱ्याच्याच तोंडी. १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात एलकाना हन्नाला विचारतो, मी तुला दहा मुलांहून अधिक नाही का? बिचारा प्रेमानेच म्हणत होता. हन्नाने वाद घातला नाही आणि ऐकलंही नाही. उठून परमेश्वराच्या मंदिरात गेली आणि रडत, आवाज न करता नुसते ओठ हलवत मागू लागली, तेव्हा एली याजकाला वाटलं, बाई प्यायली आहे. म्हणजे नवऱ्याला कळलं नाही, पाळकालाही कळलं नाही. (आमच्या अभ्यासात या ओळीला बायका हमखास हसतात, आणि मग एकदम गप्प होतात.)

मला त्या अध्यायात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १८ वी ओळ. हन्ना परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरलेला राहिला नाही. तिचा मुलगा शमुवेल अजून झालेला नाही, होईल याची खूणही तिच्या हातात नाही. मागून झालं, एवढंच झालं आहे. समाधान मागणं बंद केल्यावर येतं असं सांगणाऱ्यांना ही ओळ दाखवा.

उपचार, दत्तक, काहीच न करणं, हे निर्णय तुम्हा दोघांचे. मूल होणारच असं वचन मी देणार नाही. तसं वचन सभेत छातीठोक देणाऱ्यांपासून लांब राहा.

१०. जावेचा फ्लॅट झाला आणि माझी झोप गेली. मत्सर पाप आहे हे माहीत आहे. पुढे?

पुढे जावेकडे जाऊन फ्लॅट नीट बघून या. खोटं सांगत नाही. लांबून बघितलेल्या फ्लॅटला हप्ते नसतात, गळणारं बाथरूम नसतं.

मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. सकाळपासून राबलेल्यांना एक दीनार आणि संध्याकाळी आलेल्यांनाही एकच. सकाळचे कुरकुरतात. त्यांचं दीनार कुणी कापलं नव्हतं, ठरल्याइतकंच हाती पडलं होतं. दुसऱ्याच्या तळहातावर बघितल्यावर ते एकदम कमी झालं. मला हा दाखला आवडत नाही, खरं सांगायचं तर मी सकाळच्यांच्या बाजूने आहे. बहुधा म्हणूनच तो माझ्यासाठी आहे.

वहीच्या तिसऱ्या ओळीत जावेचं नाव लिहा. चार दिवस लिहा. पाचव्या दिवशी दुसरं काहीतरी सुचतं.

११. 'आपल्यापेक्षा खालच्यांकडे बघा म्हणजे समाधान मिळेल' हे बरोबर आहे ना?

सगळे सांगतात, पण माझं याच्याशी जमत नाही. लूक १८ मधला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, नेमकं हेच करतो. मंदिरात उभा राहून म्हणतो, देवा, मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा नाही, म्हणून तुझे उपकार मानतो. शब्द उपकारस्तुतीचेच आहेत. तरी घरी जाताना नीतिमान ठरला तो जकातदार.

झोपडपट्टीतल्या मुलाकडे बोट दाखवून 'बघ, त्याला चप्पलसुद्धा नाही' असं आपल्या मुलाला सांगितलं, तर त्या मुलाचं अनवाणी असणं आपल्या समाधानाच्या कामी आलं. चप्पल मात्र त्याला मिळालीच नाही. याकोब २:१५-१६ वाचा: उघड्याला आणि उपाश्याला 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून नुसतं वाटेला लावण्यात काय अर्थ, असं तो विचारतो.

१२. समाधानी राहायचं तर मुलाने एमपीएससी करू नये का? पगारवाढ मागू नये का?

करावी आणि मागावी. बळकावलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं, असं याकोब ५:४ सांगतं. तिथे मजुरांना 'समाधान माना' म्हटलेलं नाही, मालकांना झापलं आहे. पौल दासांना म्हणतो, मोकळं होता येत असेल तर हो (१ करिंथ ७:२१).

पंडिता रमाबाईंकडे बघा. आईवडील दुष्काळात गेले. नवरा १८८२ साली पटकीने गेला, पदरात मनोरमा. असल्या बाईने जे आहे त्यात गप्प राहायचं ठरवलं असतं तर कुणी दोष दिला नसता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा करून घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. शेवटची वर्षं साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करण्यात घालवली. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. काम हातातच होतं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. या बाईला असमाधानी म्हणायचं की समाधानी? मला वाटतं ज्याचं मन भाकरीसाठी निश्चिंत असतं, त्याला दुसऱ्याच्या भाकरीसाठी धावता येतं.

मोठं कोठार बांधायला निघालेल्या श्रीमंताचा दाखला (लूक १२) महत्त्वाकांक्षेविरुद्ध आहे का, हेही विचारतात. त्या माणसाचं स्वगत वाचताना 'मी' आणि 'माझं' मोजा. मुलगा परीक्षा देतोय तो कुणासाठी, हे त्यालाच विचारा. मला ठाऊक नाही.

१३. नवरा मारतो. मंडळीतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, 'हा तुझा वधस्तंभ आहे, उपकार मानून सहन कर.'

हा तुमचा वधस्तंभ नाही. तो गुन्हा आहे. वधस्तंभ येशूने आपणहून उचलला, तुमच्यावर कुणी हात उगारतो तेव्हा तुम्ही काहीही निवडलेलं नसतं. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपण रोमी नागरिक असल्याचं सांगून कायदा पुढे केला (प्रेषितांची कृत्ये २२:२५).

महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि त्यात राहत्या घरात राहण्याच्या हक्काचंही संरक्षण आहे. आधी सुरक्षित जागी जा. समाधानाचा, क्षमेचा, उपकारस्तुतीचा विचार नंतर, आणि तुमच्या सवडीने. प्रश्न ७ चं उत्तर इथे लावू नका.

१४. दशमांश दिला तर देव शंभरपट देतो ना? एका सभेत 'विश्वासाचं बी पेरा' म्हणून पाच हजार मागितले.

दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, द्यावा की नाही, सगळ्या मिळकतीवर की हातात उरतं त्यावर, याबद्दल मंडळ्यांत एकमत नाही, तुमच्या पाळकांशी बोला. पण देणं म्हणजे गुंतवणूक नाही. मलाखी ३:१०, दशमांश आणा म्हणजे मी आशीर्वाद ओतीन हे वचन, सगळे दाखवतात. त्याच अध्यायाची पाचवी ओळ, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांबद्दलची, कुणी दाखवत नाही. गरीब विधवेने मंदिराच्या पेटीत टाकलेल्या दोन दमड्यांचंही तसंच (मार्क १२). त्याच्या अगदी आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना बोलतो. मग तिच्याकडे बघतो. तिचं कौतुक तर आहेच, पण तिच्या हातातली शेवटची दमडी कुणाच्या पेटीत चालली आहे, हेही त्याला दिसत असणार.

आमच्या ओळखीच्या एका बाईंनी बचत गटातून उचल घेऊन असं 'बी' पेरलं. उगवलं ते व्याज. उसने काढून अर्पण देऊ नका. देव कर्जाच्या पावतीवर सही मागत नाही.

१५. पैसा आहे, तब्येत बरी आहे, मुलं मार्गी लागली. तरी समाधान नाही. मग?

हा प्रश्न विचारताना लोक ओशाळतात, पण विचारणारे बरेच आहेत. पौल म्हणतो की विपुलतेत राहायलाही मी शिकलो. म्हणजे तेही शिकावंच लागतं. नीतिसूत्रे ३०:८-९ मधली प्रार्थना करून बघा: दारिद्र्य नको आणि श्रीमंतीही नको, मला लागेल तेवढी भाकर दे, पोट भरल्यावर मी तुला विसरेन. एवढी रोखठोक प्रार्थना आपण रविवारी सहसा करत नाही.

माझी एक शंका. ज्यांना सगळं आहे त्यांनी बरेच दिवसांत कुणाकडे काही मागितलेलं नसतं. शेजारी जाऊन वाटीभर साखर मागून या.

१६. मी ख्रिस्ती नाही, पण सुनेबरोबर प्रार्थनेला बसते. मला यातलं काही चालेल का?

चालेल. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, उपकार मानायला परत आला एकच, आणि तो शोमरोनी, म्हणजे ज्याला यहुदी लोक आपल्यात धरत नसत (लूक १७). उपकार मानायला आधी आपल्यातलं व्हावं लागतं असं त्या गोष्टीत नाही. तुमच्या नावाने कुणी लगेच बाप्तिस्म्याची तारीख विचारू लागलं तर सुनेला पुढे करा.

१७. मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगताना, ती बढाई होते असं वाटतं. ज्यांना नोकरी लागली नाही त्यांच्यासमोर माझ्या नोकरीची साक्ष कशी देऊ?

हे तुम्हाला वाटलं हीच चांगली गोष्ट. दोन मिनिटांत सांगा, पगाराचा आकडा सांगू नका, आणि वाट बघतानाचे दिवस वगळू नका. बायकोचे दागिने गहाण होते तर होते म्हणा. समोर बसलेल्याला तुमच्या नोकरीपेक्षा त्या दिवसांची साक्ष जास्त उपयोगी पडते. 'मी विश्वास ठेवला म्हणून मिळालं' हे वाक्य तेवढं गिळा. शेजारच्यानेही ठेवला होता.

१८. हंगामाच्या सणाला सगळे काहीबाही आणतात. आमचं शेत नाही, आणि आता नोकरीही गेली. रिकाम्या हाताने जायचं कसं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पीक घरात आल्यावर आमच्याकडे हा सण असतो, बोलताना सगळे हार्वेस्टच म्हणतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन (तिथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या) गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, तिथे भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. आमच्या बाजूला वेदीपुढे बाजरीची कणसं, मेथीच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना झाली की लिलाव. एका नारळाला दोनशे रुपये येतात, आणि घेणारा तो परत वेदीवर ठेवतो, की पुन्हा लिलाव.

तुमच्या प्रश्नाला दोन वचनं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. अनुवाद या पुस्तकातलं १६:१६ म्हणतं, परमेश्वरासमोर रिकाम्या हाताने येऊ नये. २ करिंथ ८:१२ म्हणतं, ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून ते मान्य होतं, नाही त्यावरून नाही. मी दुसऱ्याच्या उजेडात पहिलं वाचते. प्रश्न १४ मधलं उसन्याबद्दलचं इथेही लागू.

आमच्याच मंडळीत मागे एकाची कंपनी बंद पडली होती. ते सणाला यायलाच तयार नव्हते, बायको एकटी आली. पाळकांनी मुलाला सायकलवर पाठवून त्यांना बोलावून आणलं, कारण दरवर्षी लिलाव पुकारणारे काका घसा बसून घरी होते आणि दुसऱ्या कुणाचा आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचत नव्हता. त्या वर्षी लिलाव यांनी पुकारला. दुधी भोपळा साडेतीनशेला गेला.